हिरड्यांतून रक्त येतंय, पेस्ट कुठली घ्यावी?

बकुळफुल
सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, विषय जरा गचाळ आहे. जेवता जेवता वाचत असाल तर हात धुऊन या.

गेले तीनेक महिने ब्रश केला की बेसिनमध्ये गुलाबी पाणी. आधी वाटलं, ब्रश लागला असेल. परवा मात्र हद्द झाली. सीएसएमटीला उतरून वडापाव घेतला, पहिला घास तोडला, आणि पावावर जिथे दात रुतले होते तिथे लाल रेघ. मला चटणीच वाटली. पण त्या भैयाकडे लाल चटणी संपली होती, मी हिरवी लावून घेतली होती.

वय ४१, लालबागला राहते, नोकरी फोर्टात. तंबाखू-सुपारी काही नाही. चहा दिवसाला चारदा.

केमिस्टकडे गेले तर "सेन्सिटिव्ह न्या मॅडम, सगळे तेच नेतात" म्हणून त्याने दोनशेच्या वरची ट्यूब हातात ठेवली. महिनाभर वापरली, पाणी गुलाबीच. मग ऑफिसातल्या मैत्रिणीने लवंगवाली सांगितली, ती आणली. मग ऑनलाइन सेलमध्ये कोळशाची काळी. आता बाथरूमच्या फळीवर सहा ट्यूबा आणि सासूबाईंची मंजनाची डबी असं प्रदर्शन मांडलंय. नवरा म्हणतो, तिकीट लाव.

तर हिरड्यांसाठी खरोखर उपयोगी पडलेली पेस्ट कुठली? स्वतः वापरलेली सांगा, फॉरवर्ड नकोत.

ता. क. सासऱ्यांच्या हिरड्याही सुजल्यात, दोन दातांच्या मध्ये फुगून वर आल्यात. ते म्हणतात, वय झालं. त्यांनाही चालणारी असली तर एकच मोठी ट्यूब आणीन.

सात_बावन्नची_फास्ट
सोमवार, रात्री १०:५२

मीठ, हळद, दोन थेंब तिळाचं तेल. बोटाने हिरड्या चोळ. आठवड्यात रक्त बंद. पेस्टबिस्ट सगळे कंपन्यांचे धंदे.

गिरगावचा_बाब्या
सोमवार, रात्री ११:१५

आमच्या चाळीत सकाळी गॅलरीत रांगेने सगळे राखुंडी लावून उभे असायचे. भाताच्या तुसाची राख, त्यात मीठ आणि कापूर. गावाहून डबा भरून यायची. आजी ८४ वर्षांची होऊन गेली, शेवटपर्यंत ऊस दाताने सोलायची. पेस्ट आली आणि दात गेले.

चहाटळ
सोमवार, रात्री ११:२१

बाब्या, आजीचं झालं. आजोबांचं सांग की.

गिरगावचा_बाब्या
सोमवार, रात्री ११:२४

आजोबांची कवळी होती. पण ते विडी ओढायचे.

चहाटळ
सोमवार, रात्री ११:२५

राखुंडीचा डबा दोघांचा एकच ना? मग ऊस राखुंडीने सोलला की विडी न ओढल्याने?

वाटीभर_वरण
मंगळवार, सकाळी ७:३०

मी लहानपणापासून आयुर्वेदिकच वापरते. वज्रदंती म्हणजे आपली पिवळी कोरांटी, माहेरी कुंपणालाच होती. पानं चावली तर तोंड नुसतं आवळून येतं. विकोची पेस्ट आणि पावडर त्याच नावावर घरोघरी पोचली, कंपनीसुद्धा मुंबईचीच, १९५२ पासूनची. बाभूळ, खैर, बकुळ हे सगळे तुरट, हिरड्या घट्ट करणारे. बकुळीची साल तर हिरड्यांसाठीच सांगितलेली आहे, आणि बकुळफुल नावाची बाई आम्हाला विचारतेय, कमाल आहे!

मला आजवर रक्त आलेलं नाही. पण माझा नवरा तीच पेस्ट वापरतो आणि त्याचं दर वर्षी क्लिनिंग करावं लागतं, हेही प्रामाणिकपणे सांगते.

अक्कलदाढ
मंगळवार, दुपारी २:०५

बकुळफुल, मी दातांचीच डॉक्टर, पश्चिम उपनगरात छोटा दवाखाना आहे. इथे निदान करत नाही, तोंड बघितल्याशिवाय ते शक्यही नाही. पण पेस्टीमागे धावण्याआधी दोन गोष्टी सांग. रक्त सगळीकडून येतं की ठरावीक जागेवरून? आणि जिथून येतं तिथे तू हल्ली ब्रश हलका लावतेस का, किंवा टाळतेस का?

माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठांना हे विचारलं की ते आधी गप्प होतात, मग हसतात.

आता पेस्टीचं. हिरडी आणि दात जिथे भेटतात त्या सांध्यावर जंतूंचा चिकट पिवळसर थर बसतो. सकाळी नखाने दात खरवडलास तर नखाखाली पांढरट लगदा येतो, तोच. तो तिथे राहिला की हिरडी सुजते, लाल होते, आणि सुजलेल्या हिरडीला ब्रश लागला की रक्त येतं. आपण काय करतो? रक्त दिसलं की घाबरून तिथे ब्रश लावायचं सोडतो. थर वाढतो, सूज वाढते, रक्त वाढतं.

हे डेन्मार्कमधल्या आर्हूस इथे १९६५ मध्ये हाराल्ड ल्यो नावाच्या संशोधकाने दाखवून दिलं. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. मग घासणं सुरू केलं आणि आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. आमच्या अभ्यासक्रमात हा प्रयोग पाठच असतो. त्यात कुणाला खास पेस्ट दिली म्हणून ते बरे झाले नाहीत, थर निघाला म्हणून झाले.

तो थर वेळेवर निघाला नाही तर लाळेतल्या कॅल्शियम-फॉस्फेटने त्याचा दगड होतो, त्याला आपण किटण म्हणतो. लाळेच्या नळ्या जिथे उघडतात तिथे ते जास्त, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. जीभ खालच्या दातांमागे फिरवून बघ, दातादातांमधली खाच लागते की सलग भिंत लागते? सलग भिंत असेल तर जगातली कुठलीही पेस्ट ती काढणार नाही. ते काम दवाखान्यातल्या मशीनचं.

पेशंट आलेत, उरलेलं रात्री.

बकुळफुल
मंगळवार, दुपारी ३:४०

बाई गं. डावीकडे खाली मागच्या बाजूला रक्त येतं, आणि तिथे मी महिनाभर ब्रश नेतच नाहीये. आणि जिभेला भिंत लागतेय. मी आजवर तो दातच समजत होते.

टाळकुट्या
मंगळवार, संध्याकाळी ६:१०

कुठलीही घ्या, पण ट्यूबच्या तळाशी हिरवी पट्टी बघून घ्या. काळी पट्टी म्हणजे सगळं केमिकल. हिरवी म्हणजे नैसर्गिक.

सात_बावन्नची_फास्ट
मंगळवार, संध्याकाळी ६:३०

+१. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण आलं होतं.

छापखाना
मंगळवार, संध्याकाळी ७:१५

टाळकुट्या, मी पॅकेजिंगच्या धंद्यात वीस वर्षं आहे, कृपा करून हे पुढे पाठवू नका. ट्यूब चपट्या शीटच्या रोलवर छापली जाते. मशीनला कुठे कापायचं आणि कुठे दुमडायचं ते कळावं म्हणून कडेला एक गडद ठोकळा छापतात. त्यावर प्रकाश पडतो, सेन्सर तो ओळखतो, सुरी पडते. छपाईत जो रंग आधीच वापरलाय आणि जो मागच्या रंगावर उठून दिसेल तो ठोकळ्याला. हिरव्या डिझाइनची ट्यूब असली की बहुधा हिरवा. आत पेस्ट आहे की पायाला लावायचं मलम, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

टाळकुट्या
मंगळवार, संध्याकाळी ७:४०

मग मी चार वर्षं उगाच ट्यूबा उलट्या करून बघतोय.

अक्कलदाढ
मंगळवार, रात्री १०:२०

उलट्या करून बघायची सवय मोडू नका, फक्त पट्टीच्या जागी घटक वाचा.

हिरड्यांच्या बाबतीत पेस्टीतल्या ज्या घटकाचा उपयोग चांगला दिसलेला आहे तो म्हणजे स्टॅनस फ्लोराइड. स्टॅनस म्हणजे कथील, कल्हईवाला वापरायचा तेच. ते दात किडण्यापासून वाचवतं आणि शिवाय जंतूंनाही आवर घालतं, त्यामुळे हिरड्यांची सूज थोडी कमी होते. अमेरिकेत १९५० च्या दशकापासून ते पेस्टीत आहे. काहींच्या दातांवर त्याने तपकिरी छटा येते, ती क्लिनिंगमध्ये निघते. जस्ताचे क्षार असलेल्या पेस्टीही जंतूंवर थोडंफार काम करतात.

आपल्याकडच्या बहुतेक साध्या पांढऱ्या पेस्टींत सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट असतं. तेही फ्लोराइडच, किडीसाठी उत्तम, पण हिरड्यांसाठी वेगळं असं काही करत नाही. म्हणून ती वाईट ठरत नाही, ब्रश नीट फिरला तर पुष्कळ झालं.

केमिस्टने दिलेल्या सेन्सिटिव्हमध्ये बहुधा पोटॅशियम नायट्रेट असेल. ते दाताच्या नसेला गप्प करतं. थंड पाण्याने कळ येत असेल तर दोनेक आठवडे वापरल्यावर फरक पडतो. हिरडीचं रक्त आणि दाताची कळ ही दोन वेगळी दुखणी. डोकेदुखीची गोळी घेऊन पाय मुरगळलेला बरा होईल का?

लवंगेने वास येतो, तोंड बधिर झाल्यासारखं होतं आणि बरं वाटतं. बरं वाटण्यालाही माझी हरकत नाही. वाटीभर_वरण, तुरट वनस्पतींचंही तसंच. हिरडी आवळल्यासारखी वाटते, पण किटण जागेवरच असतं. हर्बल पेस्ट वापरायचीच असेल तर त्यात फ्लोराइड आहे का ते मात्र बघा, पुष्कळशांत नसतं.

वेष्टनावरच्या 'गम केअर', 'स्ट्राँग गम्स' अशा मोठ्या अक्षरांकडे लक्ष देऊ नका. मागच्या बारीक अक्षरांकडे द्या. चष्मा लागतो, माहीत आहे.

शुद्धपाणी
मंगळवार, रात्री ११:०५

डॉक्टरबाई, फ्लोराइड विष आहे हे तुम्ही का सांगत नाही? माझे मामा चंद्रपूरला, तिथे गावंच्या गावं फ्लोराइडने दात पिवळे आणि हाडं वाकडी होऊन बसली आहेत.

अक्कलदाढ
बुधवार, सकाळी ८:१०

चंद्रपूरचं खरं आहे. यवतमाळ, नांदेडकडेही तो त्रास आहे. पण ते खोल बोअरच्या पाण्यातून वर्षानुवर्षं पोटात गेलेलं फ्लोराइड. मुंबईच्या नळाला तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांचं पाणी येतं, बोअरचं नाही. आणि पेस्ट आपण थुंकतो, पीत नाही. आपल्या कायद्यात पेस्टीतल्या फ्लोराइडला १००० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत हजार भागांची, मर्यादा आहे आणि तो आकडा ट्यूबवर छापावा लागतो.

लहान मुलांना मात्र जपा, ती गिळतात. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी. मामांच्या गावातलं मूल असेल तर पेस्ट कुठली ते तिथल्या डॉक्टरला विचारा. हा भाग तुमचा बरोबर आहे.

शुद्धपाणी
बुधवार, सकाळी ८:३०

बरं. हे मामांना पाठवतो.

पळीपंचपात्र
बुधवार, सकाळी ११:४५

कोळशाच्या काळ्या पेस्टचा विषय निघाला म्हणून सांगते. मीही आणली होती, नातीने आग्रह केला. दोन दिवसांनी बेसिन काळं, टॉवेल काळा, हिरडीच्या कडेला काळी रेघ, आरशात बघितलं तर मी दशावतारातली. मग ती ट्यूब देवघरात नेली. चांदीचं निरांजन आणि ताम्हन जुन्या ब्रशने घासलं. इतकं लख्ख निघालं की काय सांगू! तेव्हाच मनात आलं, चांदीवरचा काळा थर दोन मिनिटांत उतरवणारी वस्तू मी सकाळ-संध्याकाळ तोंडात का घालतेय?

अक्कलदाढ
बुधवार, दुपारी १:३०

पळीपंचपात्र, तुम्ही प्रयोगशाळेशिवाय प्रयोग केलात. प्रत्येक पेस्टीत थोडी घासणारी पूड असतेच, बहुतेक खडूसारखं कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिका. त्याशिवाय चहाचे डाग निघायचे नाहीत. ती किती खरखरीत आहे ते मोजण्याचं माप आहे, त्याला आरडीए म्हणतात, आणि आंतरराष्ट्रीय मानकात २५० ही वरची मर्यादा आहे. पांढरेशुभ्र करणाऱ्या पेस्टी सहसा जास्त खरखरीत. एकदा हिरडी खाली सरकली की दाताचं मूळ उघडं पडतं, ते मऊ असतं आणि लवकर झिजतं. अशांनी दात चमकवणाऱ्या पेस्टीपासून लांबच राहावं. राखुंडी, वीटकरीची पूड, तंबाखूची राख, ही तर सगळी पॉलिश पेपरची भावंडं.

गिरगावचा_बाब्या
बुधवार, दुपारी १:४४

राखुंडीवर किती दिवसांचा राग आहे हो तुमचा?

माणदेशी_माणूस
बुधवार, रात्री ९:३०

तंबाखूच्या राखेचा विषय निघालाच आहे तर विचारतो, इथे विचारायची लाजही वाटतेय. आमची आई साताऱ्याकडची, आता कांजूरमार्गला आमच्याजवळ असते. मशेरी लावते. सकाळी तव्यावर तंबाखू भाजते, तो वास जिन्यापर्यंत जातो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पण लावतात, दोघी मिळून भाजतात. दिवसातून चार-पाचदा बोट तोंडात. तिचं म्हणणं, मशेरी लावणाऱ्या बायकांच्या हिरड्यांतून रक्त येत नाही. आणि खरंच येत नाही, मी बघितलंय. मग काय उत्तर देऊ?

अक्कलदाढ
बुधवार, रात्री १०:०५

दादा, लाज कसली, चांगलं केलंत विचारलंत.

निकोटिनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे आत आजार चालू असला तरी रक्त दिसत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचंही तेच. धोक्याचा दिवा काढून टाकला म्हणजे आग विझली असं नाही ना. अशा माणसांत हाड झिजून दात हलायला लागतो तेव्हाच कळतं. आणि दुसरी मोठी भीती कॅन्सरची. आईंच्या गालाच्या आत, ओठाच्या मागे पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, तोंड पूर्वीइतकं उघडतं का, एवढं टॉर्च लावून बघा आणि काही दिसलं नाही तरी एकदा दाखवून आणा.

पेस्टीत आणि दंतमंजनात तंबाखू घालायला भारत सरकारने १९९२ मध्येच बंदी केली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार? एकदम सोड म्हणालात तर ती भांडेल. आधी दिवसाच्या पाच वेळांच्या दोन करायला सांगा. आमच्याकडे येणाऱ्या एका आजींनी मशेरीच्या वेळी बडीशेप तोंडात टाकायला सुरुवात केली होती. हात रिकामा राहिला की सवय परत येते.

माणदेशी_माणूस
बुधवार, रात्री १०:२०

रविवारी बघतो टॉर्चने. धन्यवाद ताई.

चहाटळ
गुरुवार, सकाळी ९:००

माझी तक्रार वेगळीच. हिरड्यांचं म्हणून एका चकाचक क्लिनिकमध्ये गेलो, नाव घेत नाही. एक्स-रे काढायच्या आधी, तोंडात आरसासुद्धा न घालता रिसेप्शनवरच्या मुलीने लेझर, व्हाइटनिंग आणि 'गम स्पा' असं पॅकेज पुढे ठेवलं. गम स्पा! हिरड्यांना टॉवेल गुंडाळून पडायचं का? मी पाणी पिऊन बाहेर आलो.

वाटीभर_वरण
गुरुवार, सकाळी ९:२५

हसून हसून वरण सांडलं.

ज्यांना खर्चाची धास्ती आहे त्यांनी सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय बघावं. नवरा नायरला जातो. शिकणारी मुलं करतात, वर सर लक्ष ठेवतात. अख्खी सकाळ जाते, डबा घेऊन जायचं, पण काम निगुतीने होतं.

सात_बावन्नची_फास्ट
गुरुवार, सकाळी ९:५०

क्लिनिंगने दात हलायला लागतात असं ऐकलंय. मावशीचे हलले होते.

अक्कलदाढ
गुरुवार, दुपारी २:४०

मावशींचे दात आधीच हलत होते, किटणाने एकमेकांना धरून ठेवले होते. भिंत पडायला आली की आपण टेकू लावतो ना, तसं किटण टेकू होतं, फक्त भिंतही तेच पोखरत होतं. किटण काढल्यावर जीभ मोकळ्या फटीत जाते, चार दिवस थंड लागतं, म्हणून दात बारीक झाल्यासारखे वाटतात.

बकुळफुल, सासऱ्यांचं मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. त्यांना बीपी आहे का? गोळी कुठली?

बकुळफुल
गुरुवार, संध्याकाळी ७:३०

बीपी आणि साखर दोन्ही. पाकीट समोर धरून लिहितेय. अ‍ॅम्लोडिपिन १० मिलिग्रॅम. साखरेची दुसरी. का हो?

अक्कलदाढ
गुरुवार, रात्री ८:१५

अ‍ॅम्लोडिपिन आणि त्या जातीच्या गोळ्यांनी काहींच्या हिरड्या वाढतात. विशेषतः दोन दातांमधली हिरडी गोळ्यासारखी फुगते, तू लिहिलंस ना, 'मध्ये फुगून वर आल्यात', तशी. फिटच्या फेनिटॉइन गोळीनेही होतं. सगळ्यांना होत नाही, आणि जिथे थर साचलेला असतो तिथे जास्त होतं. साखर असेल तर दुहेरी. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांत सूज राहिली की साखर ताब्यात यायला त्रास देते.

गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, हे आधी त्यांना सांग. बीपी चढलं तर हिरडीचं दुखणं परवडलं म्हणायची वेळ येईल. हिरड्या दाताच्या डॉक्टरला दाखव, आणि त्यांच्या फिजिशियनला सांग की असं होतंय. गरज वाटली तर ते दुसऱ्या जातीची गोळी देतात.

बकुळफुल
गुरुवार, रात्री ८:२२

दोन वर्षं आम्ही त्यांना 'वय झालं' म्हणतोय. तेसुद्धा म्हणतायत. आत जाऊन सांगितलं तर म्हणाले, "बघ, मी म्हणत होतो गोळ्या वाईट." आता ती बंद करू देणार नाही, हे सांगायला अर्धा तास लागणार.

टाळकुट्या
गुरुवार, रात्री ८:५०

ताई, ब्रश कसा करायचा तेही एकदा सांगाच. मी आडवा घासतो, खसाखसा.

अक्कलदाढ
गुरुवार, रात्री ९:४०

मऊ ब्रश. केस तिरके, अर्धे हिरडीवर अर्धे दातावर, साधारण ४५ अंशात. तिथल्या तिथे बारीक थरथरवायचा, मग दाताकडे ओढायचा. पेन धरतो तसा धरा, मूठ आवळली की जोर येतोच. दोन मिनिटं. रात्रीचा ब्रश चुकवू नका, झोपेत लाळ कमी होते. केस बाहेरच्या बाजूला वाकले की ब्रश गेला, नाहीतर तीन महिन्यांनी बदला. दातांच्या फटीत ब्रश जात नाही, तिथे दोरा किंवा बाटली धुवायच्या ब्रशची छोटी आवृत्ती मिळते ती.

आणि पेस्ट थुंकल्यावर लगेच चुळा भरू नका. फ्लोराइड राहू द्या जरा.

पळीपंचपात्र
गुरुवार, रात्री १०:००

चूळ भरायची नाही? मग तोंड धुतलं असं कसं म्हणायचं? देवापुढे कसं उभं राहायचं?

अक्कलदाढ
गुरुवार, रात्री १०:०४

रात्रीच्या ब्रशनंतर नका भरू. सकाळी देवासाठी भरा.

कोलीवाडा_एक्स्प्रेस
शुक्रवार, सकाळी ७:१५

माउथवॉशचं कुणी बोललं नाही. मी क्लोरहेक्सिडिनवाला गेले सहा महिने रोज वापरतोय, दात चॉकलेटी झालेत. मासे बेचव लागतात. आमच्या घरात हे पाप आहे.

अक्कलदाढ
शुक्रवार, दुपारी १:१०

सहा महिने! तो दोन आठवड्यांच्या वर स्वतःच्या मनाने वापरायचा नसतो, डाग आणि चव जाणं हे त्याचेच गुण. ब्रशनंतर लगेचही नको, फेस करणाऱ्या घटकाने त्याचा जोर मरतो, अर्ध्या तासाचं अंतर हवं. बंद करा, चव परत येते. डाग क्लिनिंगमध्ये निघतील.

बकुळफुल
पाच आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ११:३०

धागा वर काढतेय, वृत्तांत द्यायचा राहिला होता.

गेले. आमच्याच भागातल्या साध्या डेंटिस्टकडे, टॉवेल-स्पा काही नाही. खालच्या दातांमागून निघालेला एक तुकडा त्यांनी कापसावर ठेवून दाखवला, जुन्या किटलीच्या तळाला असतो ना, अगदी तसा. एका बाजूला पॉकेट, म्हणजे हिरडी आणि दातामधली फट, चार मिलिमीटर खोल निघालं, म्हणाले वेळेत आलात, तीन महिन्यांनी परत मोजू. पेस्ट कुठली विचारलं तर म्हणाले, फ्लोराइड असलेली कुठलीही, पण ब्रश दाखवा. पर्समधून काढून दाखवला. त्यांनी तो माझ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला.

घरी येऊन पहिले चार दिवस डावीकडे मुद्दाम ब्रश लावला, रक्त आलंच, दात आवळून चालू ठेवलं. म्हणजे दात न आवळता. दहाव्या दिवशी पाणी पांढरं. काल वडापाव खाल्ला, पाव तपासून खाल्ला. भैया विचारत होता काय झालं, केस निघाला का.

सासऱ्यांची गोळी फिजिशियनने बदलली. हिरड्या अजून फुगलेल्याच आहेत, पण लाल कमी. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, बघून पुढचं ठरवू म्हणाले. ते स्वतः आता रोज रात्री आरशासमोर दोन मिनिटं घड्याळ लावून उभे असतात आणि मला बाथरूम मिळत नाही.

माणदेशी_माणूस, आईंचं काय झालं?

माणदेशी_माणूस
रविवार, दुपारी १२:४५

टॉर्चने बघितलं, डावीकडे खालच्या ओठामागे पांढरट चट्टा होता, जिथे बोट लावते तिथेच. दाखवला. सध्या धोक्याचं नाही म्हणाले, मशेरी सोडली तर जाईलही, दोन महिन्यांनी परत बोलावलंय. पाचाची दोनवर आलीय. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनाही घेऊन गेलो होतो, दोघी रिक्षात माझ्यावर चिडून बसल्या होत्या. बडीशेपचा डबा मात्र आठवड्यात संपतो.

पळीपंचपात्र
रविवार, दुपारी १:३०

बकुळफुल, त्या उरलेल्या पाच ट्यूबांचं काय केलंस? काळी असेल तर मला दे, पितळी समई राहिलीय.

बकुळफुल
रविवार, दुपारी १:३८

काळी तुमची. लवंगवाली सासूबाईंनी मंजनाच्या डबीशेजारी ठेवून घेतली. लालबागला आलात की घेऊन जा, समई पण आणा, इथेच घासू.